लिनक्ससाठी लॅपटॉप घेताना

‘डॉसवाला घ्या, स्वस्त पडेल, मग वर लिनक्स टाका.’ लॅपटॉपच्या दुकानात हा सल्ला हमखास मिळतो. विंडोजचे पैसे वाचतात, हे खरं. पण ‘डॉस’ किंवा ‘फ्रीडॉस’ लिहिलंय याचा अर्थ एवढाच, की मशीनवर विंडोज नाही. लिनक्स नीट चालेल याची हमी त्यात नसते. उबंटू टाकूनच विकायला ठेवलेल्या मॉडेलवर त्याहून जास्त भरवसा ठेवता येतो.

दुसरा समज कंपनीच्या नावाचा. अमुक कंपनीचा चालतो, तमुक कंपनीचा नाही, असं लोक ठासून सांगतात. लिनक्सचा संबंध येतो तो आतल्या चिप्सशी. भाचीसाठी लॅपटॉप घेताना हे मला पुरतं कळलं. तिच्या मैत्रिणीकडे एका मॉडेलवर उबंटू सुरळीत चालत होतं. आम्ही डोळे झाकून तेच मॉडेल आणलं, तर वाय-फायच्या यादीत एकही नेटवर्क दिसेना. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही कमांड दिली, तेव्हा उलगडा झाला: मैत्रिणीच्या लॅपटॉपमध्ये इंटेलचं वाय-फाय कार्ड होतं, आमच्यात वेगळंच. मॉडेलचं नाव तेच राहतं, आतलं कार्ड बदलू शकतं. शेवटी मोबाइल केबलने जोडून त्याचं इंटरनेट घेतलं, नवं कर्नल उतरवलं आणि वाय-फाय सुरू झालं.

‘सगळ्यांत ताजं मॉडेल घ्या’ हा सल्ला लिनक्ससाठी का लागू पडत नाही, तेही यातच दिसतं. लिनक्सचे बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात. कर्नल जुनं आणि चिप त्यानंतरची असेल, तर ती ओळखली जाईलच असं नाही. म्हणून वर्षभर बाजारात असलेलं मॉडेल मला जास्त भरवशाचं वाटतं. जुनं मशीनही मोडीत काढू नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. टीपीएम २.० नाही किंवा प्रोसेसर जुना आहे म्हणून विंडोज ११ ने नाकारलेल्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल, तर लिनक्सवर रोजची कामं आरामात होतात.

‘सिक्युअर बूट बंद करावंच लागतं’ हेही आता खरं नाही. उबंटू, फेडोरा, डेबियन ते चालू असतानाही सुरू होतात. आणि इन्स्टॉलरला एसएसडी दिसली नाही, तर ती खराब आहे असं लगेच समजू नका. बऱ्याचदा बायोसमध्ये स्टोरेज ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’ मोडवर असतं. ते ‘एएचसीआय’ केलं की डिस्क दिसते. मात्र त्याच मशीनवर विंडोज ठेवायचं असेल, तर हा बदल घाईने करू नका, विंडोज सुरू व्हायचं थांबू शकतं.

सगळ्यांत खात्रीची तपासणी दुकानातच होते. उबंटूचा लाइव्ह पेन ड्राइव्ह सोबत न्या आणि ‘ट्राय’ निवडून इन्स्टॉल न करताच चालवा. वाय-फाय जोडा, गाणं लावा, कॅमेरा उघडा, ब्राइटनेसची बटणं दाबा. मग झाकण मिटून दोन मिनिटांनी उघडा: स्क्रीन काळीच राहिली, तर दुसरं मॉडेल पाहा. दुकानदाराने पेन ड्राइव्ह लावू दिला नाही, तर खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या आणि उबंटूच्या प्रमाणित हार्डवेअरच्या यादीत शोधा.