शोधयंत्रांची गोष्ट, लेखांक ६ : चांगलं उत्तर परवडतं कोणाला?

मागच्या आठवड्यात आपण पेजरँक समजून घेतलं. एका पानाने दुसऱ्या पानाचा दुवा दिला, की ते त्या पानाला पडलेलं मत. आणि ज्याला वजनदार पानांची मतं जास्त, ते वर. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ साली, स्टॅनफर्डमध्ये शिकत असताना, ज्या शोधनिबंधात आपल्या यंत्राची रचना मांडली, त्याला एक छोटं परिशिष्ट जोडलेलं आहे. ते फारसं कोणी वाचत नाही, पण पुढे जे घडलं त्याचं मूळ मला तिथेच दिसतं. जाहिरातींच्या पैशावर चालणारं शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकणार आणि शोधणाऱ्याच्या गरजेपासून लांब जाणार, असं या दोघांनी तिथे स्वच्छ लिहिलं होतं. शोधयंत्र जितकं चांगलं, तितकी हवी ती वस्तू सापडायला जाहिरातीची गरज कमी, हेही लिहिलं होतं. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २००० मध्ये, त्यांच्याच गूगलने अ‍ॅडवर्ड्स ही जाहिरातसेवा सुरू केली.

‘गूगलवर आता पूर्वीसारखं सापडत नाही’ ही तक्रार हल्ली घरोघरी ऐकू येते. तिच्यात दोन दुखणी मिसळलेली आहेत. एक बाहेरून येणाऱ्या कचऱ्याचं, दुसरं कंपनीच्या आतलं. पहिल्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. दुसरं मात्र कागदपत्रं न्यायालयात आली म्हणूनच कळलं.

आधी बाहेरचं. मताला किंमत आली की मतं विकत मिळू लागतात. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दाखवून दिलं की जे. सी. पेनी ही अमेरिकी दुकानांची साखळी कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत कितीतरी शब्दांना अगदी वर दिसत होती, कारण तिच्या पानांकडे नेणारे हजारो दुवे भलत्याच विषयांच्या संकेतस्थळांवर पेरलेले होते. त्याच महिन्यात गूगलने ‘पांडा’ नावाचा बदल आणला. लोक काय शोधतात ते पाहून घाऊक भावाने लेख पाडणाऱ्या संकेतस्थळांना त्याने खाली ढकललं; अमेरिकेतल्या सुमारे १२ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये विकतच्या दुव्यांना आवर घालायला ‘पेंग्विन’ आला. फरक पडला, आणि मग कचरा करणारेही नवे नियम शिकले.

हा पाठलाग जर्मनीत लाइपझिग आणि वायमारच्या संशोधकांनी वर्षभर मोजून पाहिला. वस्तूंच्या परीक्षणांविषयीचे ७,३९२ प्रश्न त्यांनी गूगल, बिंग आणि डकडकगो यांना पुन्हा पुन्हा विचारले आणि २०२४ मध्ये निष्कर्ष मांडले. वर येणारी पानं सरासरीने यंत्राला खूश करण्यासाठी जास्त बेतलेली, विक्रीमागे दलाली मिळवून देणाऱ्या दुव्यांनी जास्त भरलेली, आणि मजकुराने मात्र उथळ होती. गूगलने सुधारणा केली की कचरा कमी होई, पण परिणाम टिकत नसे. त्या वर्षभरात गूगलचे निकाल काहीसे सुधारले, हेही त्यांनी नोंदवलं आहे.

मराठीत हे दुखणं जास्त बोचतं. इंग्रजीत वाईट पानांच्या गर्दीत चांगलं पान निदान असतं तरी. मराठीत अनेकदा ते असूनही यंत्राला दिसत नाही. युनिकोड रुळण्याआधीचा आपला कितीतरी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांमध्ये टाइप झालेला आहे. त्या फायलीत आपल्या डोळ्यांना ‘शासन निर्णय’ दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. ‘शासन निर्णय’ असं शोधलं तर ती फाईल हाती लागणार कशी? जुने कागद तर नुसते स्कॅन केलेले, म्हणजे मुळात चित्रंच. अधिकृत मजकूर असा मुका राहिला की रिकामी जागा भरायला इतर टपलेलेच असतात. जून २०२४ मध्ये माझी लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि तिच्या नावावर खासगी पानं भराभर उगवली. ‘शेवटची तारीख’, ‘यादीत नाव पाहा’, ‘हप्ता कधी येणार’ असे मथळे, खाली एकच माहिती फिरवून फिरवून लिहिलेली, मधे मधे जाहिराती, आणि खरा सरकारी दुवा असलाच तर तळाशी. दीड हजार रुपयांच्या हप्त्याची चौकशी करायला फोन हातात घेतलेल्या बाईचा वेळ आणि डेटा या पानांवर खर्ची पडतो, याचा मला मनापासून राग येतो.

आता आतलं. अमेरिकी न्याय विभागाने ऑक्टोबर २०२० मध्ये गूगलवर मक्तेदारीचा खटला भरला आणि कंपनीतल्या ईमेल पुराव्यात आल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये शोधांची संख्या हवी तशी वाढत नव्हती, जाहिरातींच्या उत्पन्नाचं उद्दिष्ट हुकण्याची भीती होती, म्हणून कंपनीत ‘कोड यलो’ जाहीर झाला. म्हणजे बाकीची कामं बाजूला ठेवून आधी हे पाहा. तेव्हा शोधविभागाचे प्रमुख होते बेन गोम्स, बंगळुरूत वाढलेले, १९९९ पासून गूगलमध्ये असलेले अभियंता. शोध पैशाच्या फार जवळ चालला आहे, ही अस्वस्थता त्यांनी त्या पत्रव्यवहारात बोलून दाखवली. शोधांची संख्या हेच माप धरणं का धोक्याचं, हे समजावताना त्यांनी लिहिलं की ती संख्या वाढवणं तसं सोपं आहे : चुकलेलं स्पेलिंग सुधारून देणं बंद करा, क्रमवारीतल्या सुधारणा काढून घ्या, की झालं. लोकांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शोधावी लागेल.

गूगलने प्रत्यक्षात असं केलं, असं त्या ईमेलवरून सिद्ध होत नाही, आणि जाहिरातींचा निकालांच्या क्रमवारीशी संबंध नसतो, अशी कंपनीची भूमिका आहे. ती खरी धरली तरी पेच सुटत नाही. चांगलं उत्तर पहिल्या झटक्यात मिळालं की माणूस उठून आपल्या कामाला लागतो. दुसरा शोध नाही, म्हणून जाहिरातींचं दुसरं पानही नाही. २०२० मध्ये गोम्स शिक्षणविषयक कामाकडे गेले आणि शोधाची सूत्रं प्रभाकर राघवन यांच्याकडे आली. राघवन त्याआधी जाहिरात विभाग सांभाळत होते.

५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगल मक्तेदार असल्याचा निकाल दिला. त्या लांबलचक निकालपत्रातली एक नोंद प्रत्येक वापरकर्त्याला माहीत असायला हवी. शोधाचा दर्जा बराच खालावला तर काय होईल, हे गूगलने २०२० मध्ये स्वतःच अभ्यासून पाहिलं होतं, आणि त्यातून निघालं की शोधातून मिळणारं उत्पन्न त्यामुळे घटणार नाही. लोक जाणार कुठे? आयफोन घ्या, अँड्रॉइड घ्या, उघडल्या उघडल्या समोर गूगलच. ही जागा राखण्यासाठी कंपनीने एकट्या २०२१ मध्ये २६.३ अब्ज डॉलर मोजले. बाहेरचा कचरा हटवणं खर्चिक, आणि न हटवण्याचा तोटा शोधणाऱ्याचा. मला दोन्ही दुखणी इथे एकमेकांना जोडलेली दिसतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये मेहता यांनी उपाय ठरवले. दुसऱ्या कोणाला शिरकावच मिळू नये असे करार करायला मनाई झाली, शोधाची काही माहिती प्रतिस्पर्ध्यांना द्यायला सांगितलं. पण क्रोम विकायला लावलं नाही आणि मोक्याच्या जागेसाठी पैसे मोजण्यावर सरसकट बंदीही घातली नाही. दरम्यान निकालांच्या डोक्यावर एआयने लिहिलेला सारांश आला, अमेरिकेत मे २०२४ मध्ये आणि ऑगस्टमध्ये भारतात. त्याचं पोट कोणत्या पानांवर भरतं, हे पुढच्या लेखांकात पाहू.

तोवर दोन गोष्टी करता येतील. निकालांच्या वरच्या पट्टीत ‘वेब’ नावाचा पर्याय असतो, कधी ‘आणखी’मध्ये दडलेला; तो निवडला की सारांश गाळून नुसते दुवे दिसतात. आणि योजनेचा अर्ज भरण्याआधी पत्त्यात संकेतस्थळाचं नाव ‘गव्ह डॉट इन’ने संपतं का, ते बघा. नसेल आणि आधार क्रमांक किंवा पैसे मागत असेल, तर काही न भरता ते पान बंद करा.