पूर्णेतल्या उन्हाळ्यात कुठलं ग्राफिक्स कार्ड?

प्लेस्टेशन २ च्या ग्राफिक्स चिपची स्वतःची मेमरी किती असेल? फक्त ४ एमबी! तरी त्या जुन्या खेळांच्या एम्युलेशनसाठी पोरं १२ जीबीच्या कार्डावर डोळा ठेवून बसतात.

बाबांनो, थांबा. एम्युलेशनचा खरा भार पडतो प्रोसेसरवर. जुन्या कन्सोलला दिलेली प्रत्येक आज्ञा खेळ चालू असतानाच आपल्या पीसीच्या भाषेत फिरवायची, हे काम त्याचं. प्लेस्टेशन ३ चा सेल प्रोसेसर तर एवढा किचकट, की त्याचा एम्युलेटर आरपीसीएस३ भल्याभल्या पीसींना घाम फोडतो. कार्ड कामाला येतं ते चित्र मोठं करताना. ६४० बाय ४४८ चा खेळ फुल एचडी पडद्यावर खणखणीत दिसायला ४ जीबीचं जीटीएक्स १६५० सहसा पुरतं.

कार्डाचा एक पराक्रम मात्र सांगायलाच हवा. डॉल्फिन एम्युलेटरवर नवा इफेक्ट आला की खेळ क्षणभर अडखळायचा. २०१७ मध्ये 'उबरशेडर' आले, तो इफेक्ट हाताळायचं काम थेट कार्डावर गेलं आणि अडखळणं जवळजवळ संपलं. फार सुंदर इलाज!

आता आपल्या मे महिन्याचं बघा. पारा बेचाळिशीपार, खोलीत कूलर, शेजारी पीसी. खोली जेवढी तापते, तेवढंच कार्डही वर चढतं आणि मर्यादा गाठली की आपला वेग आपणच कमी करतं. म्हणून पूर्णेत वॅट आधी बघावेत. जीटीएक्स १६५० ला ७५ वॅट, आरएक्स ६६०० ला १३२, आरटीएक्स ३०६० ला १७०. आरएक्स ६४०० तर ५३ वॅटवर भागवतं, पण त्याला बोर्डाशी बोलायला चारच लेन, पीसीआयई ३.० च्या जुन्या बोर्डावर ते मार खातं.

पीसी गेमही खेळायचे असतील तर ८ जीबी हवेच. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं केलेला 'राजी' जरूर खेळा. तो २०२० च्या ऑगस्टमध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आला, पीसीवर ऑक्टोबरमध्ये.

खरेदीला रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस पकडून मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाणार असाल, तर पेन ड्राइव्हवर जीपीयू-झेड हा कार्ड ओळखणारा प्रोग्राम न्या. जुन्या कार्डाला नवं नाव चिकटवून विकणारे असतात. एनव्हिडियाचं असं नकली कार्ड असेल तर हा प्रोग्राम बहुतेक वेळा नावाआधीच 'फेक' लिहून दाखवतो.

माझं मत विचाराल तर, नुसतं एम्युलेशन असेल तर १६५० घ्या आणि उरलेला पैसा प्रोसेसरमध्ये घाला. दोन्ही हवं असेल तर आरएक्स ६६००. बिल आणि वॉरंटी घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.