घाम आणि सुई
लेखांक सहावा : आकुर्ली रोड ते नाक्यावरची जिम

नरसिंग यादवची रिओ ऑलिम्पिकमधली कुस्ती १९ ऑगस्ट २०१६ रोजी होती. आदल्या संध्याकाळी क्रीडा लवादाने त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. मॅटवर पाय न ठेवताच त्याचं ऑलिम्पिक संपलं.

हा मल्ल आपल्याच लोकल लाइनीवरचा. वडील वाराणसीकडचे, मुंबईत येऊन दुधाच्या धंद्यात पडलेले. घर जोगेश्वरीला आणि सराव कांदिवली पूर्वेच्या आकुर्ली रोडवर, ‘साई’च्या, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या, केंद्रात. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकलं. २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेतली, राज्य पोलिसांत उपअधीक्षक झाला आणि २०१५ मध्ये लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवून ७४ किलो गटात भारताची ऑलिम्पिकची जागा पक्की केली. त्या जागेसाठी त्याच गटातला मल्ल सुशील कुमार कोर्टात गेला आणि हरला, ते सारं महाभारत वाचकांना आठवत असेलच.

मग सोनीपतच्या शिबिरात २५ जून २०१६ ला घेतलेल्या नमुन्यात मेथँडाइनोन हे बंदी असलेलं स्टिरॉइड सापडलं. खोलीत सोबत राहणारा पैलवानही त्याच औषधात अडकला. नरसिंगचं म्हणणं, आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी कालवलं. संशय एका कनिष्ठ पैलवानावर. नाडा, म्हणजे देशातली उत्तेजकविरोधी संस्था, तिच्या समितीने १ ऑगस्टला ते मान्य करून त्याला सोडलं. वाडा, म्हणजे जागतिक संस्था, मात्र लवादाकडे गेली. तिथे तज्ज्ञाने सांगितलं की पहिल्या नमुन्यातलं प्रमाण पेयात भुकटी ढवळून येईल इतकं थोडं नाही. एक-दोन गोळ्या पोटात गेल्याशिवाय ते जमत नाही. कटाचा ठोस पुरावा कुणी देऊ शकलं नाही. आणि उत्तेजकांच्या बाबतीत कायदा कडक आहे : अंगात सापडलं की उत्तर खेळाडूनेच द्यायचं.

कट होता की नव्हता, यावर तेव्हा बरीच शाई खर्च झाली. मला त्या प्रकरणातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. शिबिरातल्या एका पोरगेल्या पैलवानाकडे मेथँडाइनोनच्या गोळ्या असू शकतात, यावर कुणीही भुवया उंचावल्या नाहीत. आरोप करणाऱ्यांनी नाही, ऐकणाऱ्यांनी नाही, आपण वाचणाऱ्यांनीही नाही. आरोप खोटा असेल, पण अशक्य कुणालाच वाटला नाही. या आठवड्याचा विषय तोच आहे : ही गोळी पोरांच्या हाताशी कशी येते आणि आल्यावर काय करते.

गेल्या लेखांकात आपण प्रोटीन पावडरचा डबा उघडला होता. प्रोटीन म्हणजे शेवटी अन्न. दुधातलं, डाळीतलं, अंड्यातलं. आजचा माल त्या जातीचा नाही. आधी एक घोळ मिटवू. दमेकऱ्याच्या पंपात असतं तेही स्टिरॉइड, कोविडच्या लाटेत डेक्सामेथासोन दिलं गेलं तेही स्टिरॉइड. पण ती सूज आणि प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं. त्यांनी स्नायू वाढत नाहीत, उलट दीर्घकाळ घेतली तर झिजतात. जिममध्ये चालतं ते अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइड, म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक किंवा त्याची प्रयोगशाळेत घडवलेली भावंडं. टेस्टोस्टेरॉन १९३५ मध्ये कृत्रिमरीत्या बनवलं गेलं. १९५८ मध्ये सिबा कंपनीने मेथँडाइनोन ‘डायनाबॉल’ या नावाने अमेरिकेत आणलं आणि जॉन झीगलर नावाच्या डॉक्टरने ते तिथल्या वेटलिफ्टरांना दिलं. घाटकोपरच्या जिममधला पोरगा आज ‘डायना’ म्हणतो तो याच गोळीला.

निरोगी तरुण पुरुषाचं शरीर दिवसाला साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन स्वतःच बनवतं. किती बनवायचं यावर मेंदूची नजर असते. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट जसा पाणी वर आलं की पंप बंद करतो, तसं रक्तातलं संप्रेरक वाढलं की मेंदू वृषणांना जाणारा हुकूम थांबवतो. बाहेरून सुई टोचली की टाकी ओसंडून वाहते, फ्लोट वरच्या वर अडकतो आणि घरचा पंप बंद पडतो. वृषणं आकसतात, शुक्रजंतू घटतात. सुई थांबली म्हणून पंप लगेच सुरू होत नाही. काहींना महिने लागतात, काहींना त्याहून अधिक. मधल्या काळात शरीरात बाहेरचंही नसतं आणि आपलंही नसतं. पोरगा मरगळतो, झोप उडते, दंड उतरतात, आरशात पाहवत नाही. यावर जिममध्ये मिळणारं उत्तर एकच : पुढची सायकल, म्हणजे औषधांची पुढची फेरी, सुरू कर.

ही झाली मोठ्यांची गोष्ट. पंधरा-सोळाच्या मुलात आणखी एक भानगड होते. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या चकत्या असतात. उंची वाढते ती तिथून. जादा टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं आणि इस्ट्रोजेन या चकत्या मिटवून टाकतं. एकदा मिटल्या की मिटल्या. दंड चौदा इंचांचे झाले पण उंची पाच फूट तीनवर थांबली, असा सौदा होतो आणि तो परत फिरवता येत नाही. त्याच इस्ट्रोजेनमुळे मुलांच्या छातीवर स्त्रीसारखी गाठ धरते. जिममध्ये तिला ‘गायनो’ म्हणतात आणि तिच्याबद्दल इतक्या सहजपणे बोललं जातं, जणू खांदा दुखावला. गाठ पक्की झाली की शस्त्रक्रियेशिवाय जात नाही. गोळ्यांचा भार यकृतावर येतो, चांगलं कोलेस्टेरॉल खाली येतं, हृदयाच्या भिंती जाड होतात. पाठीवर मोठाले फोड येतात. घरच्यांच्या नजरेला बहुधा तेवढेच पडतात आणि ‘वयाच्या पुटकुळ्या’ म्हणून सोडून दिले जातात.

मुलुंड-भांडुप पट्ट्यातली एक जिम. तळमजल्यावर गाळे, वर पत्र्याच्या छताखाली लोखंड. संध्याकाळी साडेसातची गर्दी. अकरावीतला असेल, असा एक मुलगा ट्रेनरच्या मागे मागे.

‘दादा, साइज नाही येत.’

‘किती महिने झाले?’

‘चार.’

‘मग? नॅचरलमध्ये एवढंच होतं. खातोस काय?’

‘अंडी. चार.’

ट्रेनर हसला. त्याने मोबाइल काढून स्वतःचा दोन वर्षांपूर्वीचा फोटो दाखवला, मग टी-शर्टची बाही वर सरकवली. बोलला काहीच नाही. मुलगा बाहीखालच्या दंडाकडे बघत राहिला.

या व्यवहारात जाहिरात नाही, कंपनी नाही, दुकान नाही. शिक्षक, आदर्श, डॉक्टर आणि विक्रेता, चौघं एकाच अंगात. औषधाचं नाव मुलाला नंतर कळतं आणि तेही अर्धं : डेका, टेस्ट, विन. कुपी कुठून आली हे तर कधीच नाही. काही माल औषधाच्या दुकानाच्या मागच्या दाराने येतो, काही कुठल्याशा खोलीत भरलेला असतो. लेबलवर एक, आत दुसरं. आणि सुई एकाची दुसऱ्याला चालवली तर हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका आहेच.

अलीकडे त्यात मेफेंटरमाइनची भर पडली आहे. पोरं याला ‘टर्मिन’ म्हणतात. हे स्टिरॉइड नव्हे. कमरेत भूल दिल्यावर, विशेषतः सिझेरियनच्या वेळी, रक्तदाब कोसळला तर भूलतज्ज्ञ हे इंजेक्शन देतो. समोर मॉनिटर असतो. इथे तेच व्यायामाआधी टोचलं जातं, कारण धडधड वाढते, थकवा जाणवत नाही आणि दोन सेट जास्त निघतात. हृदयाचा ठेका बिघडणं, भ्रम होणं, त्याशिवाय चैनच न पडणं, या तिन्हींची नोंद भारतीय डॉक्टरांनी केली आहे. माझ्या मते आज उपनगरांत डायनापेक्षा याची भीती जास्त बाळगायला हवी. डायना शरीर हळूहळू पोखरतं; हे एका संध्याकाळीही घात करू शकतं.

मोठ्या खेळाडूचं पाहून पोरं बिघडतात, असं म्हणायची पद्धत आहे. त्यात तथ्य आहे, पण वाट सरळ नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये मार्क मॅग्वायर बेसबॉलमधला होमरनचा विक्रम मोडायच्या वाटेवर असताना एका पत्रकाराला त्याच्या कपाटात अँड्रोस्टेनडायोनची बाटली दिसली. तेव्हा ते तिथे दुकानात उघड मिळायचं आणि त्या खेळात त्यावर बंदीही नव्हती. बातमी छापली गेली ती सवाल म्हणून. खप मात्र वाढला. २००४ मध्ये ते दुकानांतून हटवावं लागलं. तोवर टेक्सासमधल्या एका सतरा वर्षांच्या शाळकरी बेसबॉलपटूने स्टिरॉइड सोडल्यानंतरच्या नैराश्यात जीव दिला होता. २००५ मध्ये त्याच्या वडिलांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे येऊन ते सांगितलं. पूर्व जर्मनीत तर मधला आडपडदाही नव्हता. सरकारी योजनेखाली शाळकरी जलतरणपटू मुलींना ओरल-ट्युरिनाबॉलच्या गोळ्या ‘जीवनसत्त्वं’ म्हणून दिल्या जात.

आपल्याकडे अंधेरीच्या मुलाला नरसिंगचं वजन किंवा डाव ठाऊक नसतो. त्याच्यापर्यंत पोचतं ते वेगळंच. जानेवारी ते मार्च नाक्यानाक्यावर ‘आमदार श्री’, ‘खासदार श्री’ची होर्डिंगं लागतात, मैदानात दिव्यांचा झोत, डीजे, तेल चोपडलेली शरीरं, बक्षिसाची मोटारसायकल. इथे बाटलीत नमुना घ्यायला कुणी येत नाही. रीलवर मापाचे पोटाचे सहा तुकडे दिसतात आणि खाली लिहिलेलं असतं, ‘फक्त मेहनत’. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीच्या जागी सिरिंजा सापडल्याच्या बातम्याही आपण वाचल्या आहेत. तिथे तर प्रश्न हौसेचा नाही, नोकरीचा आहे. पोरगा चॅम्पियनची नक्कल करत नाही. सगळेच घेतात, आपणच मागे राहिलो, ही समजूत तो उचलतो.

ती समजूत अगदीच हवेतली नाही, हे कबूल करायला हवं. नाडाने २०२४ मध्ये ७,११३ नमुने तपासले, त्यातले २६० दोषी निघाले, ३.६ टक्के. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत वाईट. अल्पवयीन खेळाडूंच्या दहा वर्षांच्या जागतिक पाहणीत रशियापाठोपाठ भारत दुसरा. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली राज्य अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत नाडाची माणसं आली म्हणताच १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू उरला, बाकीचे पसार. हसू येतं, पण त्या मैदानाच्या स्वच्छतागृहात सिरिंजांचा खच होता.

तरी परवानाधारक खेळाडूला निदान धाक आहे. लहानपणी विरारहून क्रिकेटसाठी रोज वांद्र्याला येणारा पृथ्वी शॉ २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधातल्या टर्ब्युटालिनमुळे आठ महिने बाहेर बसला. ते स्टिरॉइड नव्हतं, चूक अजाणता झाल्याचं क्रिकेट बोर्डानेही मानलं, तरी शिक्षा झालीच. २०२२ चा राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक कायदाही खेळाडू आणि त्याच्या भोवतालच्या माणसांसाठी आहे. जिममध्ये नुसती बॉडी बनवायला येणारा सतरा वर्षांचा मुलगा त्यात कुठेच बसत नाही. अमेरिकेने १९९० मध्ये अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइड नियंत्रित पदार्थांच्या यादीत घातली. आपल्याकडे ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधं आहेत, बस्स. चिठ्ठी मागितली जाते का, हे वांद्रे-कुर्ला संकुलात बसणाऱ्या अन्न व औषध प्रशासनाने पाहायचं आणि छापे मधूनमधून पडतातही. पण प्रत्येक नाक्यावर जिम असलेल्या शहराला मधूनमधून पुरत नाही. ट्रेनर होण्यासाठी औषधविद्येची काडीमात्र अट नाही, हे तर त्याहून वाईट.

आईवडिलांना एवढंच सांगेन. तीन महिन्यांत दहा किलो वाढलं, पाठभर फोड आले, छातीला हात लावला तर दुखतं, चिडचिड नको तितकी वाढली, तर बॅगेची झडती घेऊन तमाशा करू नका. त्याने बाटल्या लपवल्या की डॉक्टरला काहीच कळणार नाही. कुपीचा किंवा पट्टीचा फोटो मिळाला तर जवळ ठेवा. औषध घरच्या घरी थांबवून बसू नका आणि ‘पीसीटी’, म्हणजे सायकलनंतरचा उपचार, या नावाने जिममध्ये मिळणाऱ्या गोळ्याही देऊ नका. सोडतानाचे दिवस मनाला सर्वांत जड जातात, तेव्हा त्याला एकटं ठेवू नका. थेट अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाकडे न्या. खासगी डॉक्टर परवडत नसेल तर परळचं केईएम आणि मुंबई सेंट्रलचं नायर, दोन्ही पालिका रुग्णालयांत या विषयाचा वेगळा विभाग आहे. जाताना कुपीचा फोटो विसरू नका.