डोळा निरोगी, तरी दिसत नाही?

डोळ्याची तुलना आपण नेहमी कॅमेऱ्याशी करतो. भिंगातून प्रकाश आत जातो, दृष्टिपटलावर उलटी प्रतिमा पडते आणि धडा संपतो. पाहण्याची क्रिया मात्र तिथे संपत नाही. दृष्टिपटलात प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या १० कोटींहून अधिक पेशी असतात. मेंदूकडे जाणारे तंतू मात्र सुमारे १० लाखच. म्हणजे माहितीची छाननी डोळ्यातच सुरू होते. पुढे मेंदूच्या मागच्या भागातील पेशी त्यातून कडा, रेषा, हालचाल वेगवेगळी टिपतात.

ही व्यवस्था जन्मतःच पूर्ण असते का? १९६०च्या दशकात डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे बंद ठेवला. उघडल्यावर डोळ्यात फारसा दोष नव्हता, पण मेंदूतील बहुतेक पेशी त्याच्या संदेशांना प्रतिसादच देईनात. त्या दुसऱ्या डोळ्याच्या झाल्या होत्या! वाढ पूर्ण झालेल्या मांजरावर असा परिणाम झाला नाही. या दोघांना १९८१च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

माणसाच्या मुलांतही असे घडते. तिरळेपणा असेल किंवा एकाच डोळ्याचा नंबर जास्त असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणाऱ्या प्रतिमेकडे दुर्लक्ष करू लागतो. यालाच ‘आळशी डोळा’ म्हणतात. खरे तर आळस डोळ्याचा नसतोच. दुसऱ्या डोळ्याने सगळे नीट दिसत असल्याने मुलाला काही कळत नाही, ते तक्रारही करत नाही.

म्हणून वर्गात एवढे करून पाहू. फळ्यावर सुमारे २ सेंटिमीटर उंचीची अक्षरे लिहावीत. मुलाला ६ मीटरवर बसवून, एक डोळा न दाबता तळहाताने झाकून ती वाचायला सांगावीत. बोटांच्या फटीतून पाहू देऊ नये. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी अक्षरे बदलावीत, नाहीतर मुले पाठ म्हणतात! हे निदान नव्हे. पण दोन डोळ्यांत फरक जाणवला, तर पालकांना नेत्रतज्ज्ञांकडे जायला जरूर सांगावे.

उपाय साधे आहेत: योग्य चष्मा आणि गरजेप्रमाणे चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. सातव्या वर्षाआधी गुण चांगला येतो. त्यानंतरही काही मुलांना फायदा होतो, पण वाट पाहण्यात संधी निसटत जाते.