लेझरचा किरण आणि आपले डोळे

उरसात किंवा जत्रेत खेळण्यांच्या दुकानावर तुम्ही लेझर टॉर्च पाहिली असेल. बटन दाबले, की दूरच्या भिंतीवर लाल किंवा हिरवा ठिपका उमटतो. तो नाचवताना गंमत वाटते. पण हा किरण डोळ्यांत गेला तर काय होते, हे तुम्हांला माहीत आहे का?

सुमारे हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम या थोर शास्त्रज्ञांनी सांगितले, की वस्तूवरून येणारा प्रकाश डोळ्यांत शिरतो, म्हणून आपल्याला दिसते. तीव्र प्रकाशाने डोळ्यांना त्रास होतो, हेही त्यांनी दाखवून दिले.

साध्या बॅटरीचा प्रकाश पसरत जातो आणि मंद होतो. लेझरचा किरण फारसा पसरत नाही. भिंगाने सूर्यकिरण एकत्र केले, की कागद जळतो. डोळ्यांतील भिंगही लेझरचा किरण असाच दृष्टिपटलाच्या एका लहानशा जागी एकत्र आणते. किरणाकडे रोखून पाहिले, तर ती जागा म्हणजे पीतबिंदू. वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही कामे पीतबिंदूमुळेच होतात.

किरण 1 मिलिवॉटपर्यंतचा असेल, तर पापणी चटकन मिटते आणि डोळा सहसा वाचतो. परंतु स्वस्त टॉर्चवर लिहिलेली शक्ती नेहमीच खरी नसते. शिवाय मुले पैज लावून किरणाकडे टक लावतात किंवा आरशात त्याची चमक पाहतात. मिरवणुकीतील लेझर तर याहून कितीतरी शक्तिशाली असतात. 2023 च्या गणेश विसर्जनानंतर नाशिकमध्ये काही तरुणांच्या दृष्टिपटलाला इजा झाल्याचे आढळले. पुढच्या वर्षी पुणे पोलिसांनी गणेशोत्सवात अशा प्रकाशझोतांवर बंदी घातली.

ही इजा दुखत नाही, कारण दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. एक डोळा अधू झाला तरी दुसरा काम भागवतो. म्हणून एक डोळा झाकून वहीच्या रेघा पाहा. मग दुसरा झाकून पाहा. मध्ये काळा डाग दिसला किंवा रेघा वाकड्या दिसल्या, तर त्याच दिवशी घरी सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. डोळे चोळू नका, मनाने औषध घालू नका. नेत्रतज्ज्ञ बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासतात. लागल्यास यंत्राने त्याचे चित्रही घेतात. सौम्य इजा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप सुधारू शकते. काही रुग्णांना डॉक्टर सूज कमी करणारे औषध देतात. पीतबिंदूला छिद्र पडले, तर शस्त्रक्रिया करावी लागू शकते. मात्र जळून गेलेल्या पेशी परत आणणारे औषध नाही.

याच लेझरने डॉक्टर मधुमेहामुळे बिघडलेल्या दृष्टिपटलावर उपचार करतात आणि अनेकांची दृष्टी वाचवतात. तेथे किरण जाणत्या हातांत असतो. म्हणून मुलांनो, लेझर खेळणे म्हणून विकत घेऊ नका, कोणाच्या डोळ्यांवर रोखू नका आणि धाकट्या भावंडांच्या हाती देऊ नका.