फळीवरचं वीजघर

सोलर पॅनेलचं चित्र फळ्यावर काढलं की मुलं ते वहीत उतरवून घेतात, खाली दोन रेघा मारतात आणि विसरतात. म्हणून आम्ही चौघांनी उचलून नेता येईल असं एक छोटं सोलर वीजघर बनवलं. दोघं फिजिक्सचे, एक कॉमर्सची आणि मी, मराठी वाङ्मयाची. वाङ्मयवालीचं तिथे काय काम, असं कॅन्टीनमध्ये बऱ्याच जणांनी विचारलं. ते पुढे येईलच.

हे वीजघर आम्ही मोहगावला नेतो, कारण आमच्यातल्या एकीचं घर तिथे आहे. मोहगाव म्हणजे सौंसर तालुका. अर्धनारीश्वराच्या देवळामुळे अनेकांना नाव माहीत असतं. आधी छिंदवाडा जिल्हा होता, ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा जिल्हा झाला. संत्र्याचा मुलूख. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा भाग मध्य प्रदेशात राहिला, त्यामुळे घरात मराठी आणि शाळेत हिंदी असं इथल्या मुलांचं रोजचं चालू असतं.

आता वस्तूंबद्दल. ५० वॅटचं एक पॅनेल, बारा व्होल्टची १२ अँपिअर-अवरची बंद लेड-अॅसिड बॅटरी, मधे एक साधा चार्ज कंट्रोलर, दहा अँपिअरचा फ्यूज, दोन मीटर (एक व्होल्टचा, एक अँपिअरचा), आणि चालवायला पाच वॅटचा एलईडी दिवा, बारा वॅटचा छोटा पंखा आणि मोबाइल चार्जर. नाताळचा स्टार पण लावतो, पोरांना तोच जास्त आवडतो. हे सगळं दोन फूट बाय दोन फूट प्लायवूडच्या फळीवर उघडं बसवलंय. बाजारात तयार 'सोलर पॉवर स्टेशन' मिळतात, हँडलवाली, देखणी. शिकवायला ती माझ्या मते बिनकामाची. डब्यात काय चाललंय ते दिसतच नाही. आमच्या फळीवर पॅनेलपासून दिव्यापर्यंत वायर बोटाने गिरवत जाता येतं.

जोडण्याचा क्रम महत्त्वाचा: आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनेल, शेवटी दिवा-पंखा. काढताना बरोबर उलट. बॅटरी लागली की कंट्रोलरला कळतं की आपण बारा व्होल्टच्या घरात आहोत. त्याआधी पॅनेल लावलं तर त्याचे वीस-बावीस व्होल्ट थेट त्याच्या अंगावर येतात. फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकाला अगदी चिकटून हवा. पॅनेलची दोन टोकं एकमेकांना टेकवली तर तीनेक अँपिअरच्या वर करंट जात नाही, कारण ऊन जेवढं देईल तेवढंच. बॅटरी मात्र साठवलेलं सगळं एका दमात ओतायला बघते आणि वायर लाल होते. बारा व्होल्टने झटका बसत नाही, पण भाजतं. हे आम्ही मुलांना दोनदा सांगतो. त्याच्या जोडीला तिसरी गोष्टही: शेतातल्या सोलर पंपाच्या पॅनेलना हात लावायचा नाही. पाच एचपीच्या पंपाला पाचेक हजार वॅटची पॅनेलं असतात, माळेत जोडलेली, आणि तिथे शेकडो व्होल्ट डीसी असतो. फळी निरुपद्रवी आहे म्हणून तेही निरुपद्रवी असेल असं कुणी समजलं तर आमचं शिकवणंच अंगाशी येईल.

पहिला प्रयोग खिळ्याचा. पॅनेलच्या चौकटीवर एक खिळा सरळ उभा चिकटवलाय. पॅनेल इकडे-तिकडे वळवत राहायचं. खिळ्याची सावली नाहीशी झाली की पॅनेल सूर्याच्या बरोबर समोर आलं, आणि त्याच क्षणी अँपिअरचा काटा सगळ्यात वर असतो. साठ अंश तिरपं केलं की काटा निम्म्याच्या आसपास येतो. मोहगाव साधारण साडेएकवीस अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी तिथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम पंचेचाळीस अंश वर असतो, आणि मेच्या अखेरीस थेट डोक्यावर. वर्षभर एकाच जागी ठेवायचं तर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून बावीसेक अंश तिरपं ठेवतात, ते याचमुळे. 'साउथ फेसिंग' हा शब्द पाठ करण्यापेक्षा खिळा बरा.

दुसरा प्रयोग सावलीचा, आणि सगळ्यात महत्त्वाचा. पॅनेलमध्ये ३६ सेल आहेत, रोझरीच्या मण्यांसारखे एकामागे एक ओवलेले. प्रत्येकाचा अर्धा व्होल्ट, सगळ्यांचे मिळून अठरा. एका मुलीला एकाच सेलवर तळहात ठेवायला सांगतो. मुलांचा अंदाज असतो की छत्तिसावा हिस्सा कमी होईल. प्रत्यक्षात बॅटरीत जाणारा करंट जवळजवळ शून्यावर येतो. झाकलेला सेल सगळ्या माळेची वाट अडवतो. पॅनेलच्या मागे त्याला वळसा घालणारा डायोड असला तरी अर्धी माळच गळते, आणि उरलेल्या अर्धीचे नऊ व्होल्ट बारा व्होल्टच्या बॅटरीत शिरूच शकत नाहीत. इथे वर्गात खरोखर शांतता पसरते.

तिसऱ्याला फक्त थर्मामीटर लागतो. पॅनेलचे वॅट २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. त्यावर प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्का शक्ती कमी होते. आपल्याकडच्या मे महिन्यात काळं पॅनेल साठ-पासष्ट अंशांना सहज जातं, म्हणजे पंधरा टक्क्यांच्या आसपास गेलेच. पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. आपण नागपूरकर हे समजू शकतो.

पण पन्नास वॅट म्हणजे किती? इथे सगळेच अडतात, मीही पुस्तकात वाचून अडायचे. तेव्हा विहीर उपयोगी आली. पंधरा लिटरची बादली दहा मीटर, म्हणजे तेहतीस फूट, वर ओढायला साधारण १४७० ज्यूल लागतात. आमचं ५० वॅटचं पॅनेल बॅटरीत प्रत्यक्षात ३६ वॅटच टाकतं, कारण साधा कंट्रोलर पॅनेलला अठरा व्होल्टवरून बॅटरीच्या तेरा व्होल्टवर खाली ओढतो आणि पाच व्होल्ट वाया जातात. (महागडा एमपीपीटी कंट्रोलर ते बहुतेक वाचवतो.) ३६ वॅटने एक बादली वर यायला ४१ सेकंद. आणि वीजबिलातलं एक युनिट? ३६ लाख ज्यूल, म्हणजे जवळपास २,४५० बादल्या. एका मुलाने विचारलं, "इतक्या बादल्या, अन् पैसे फक्त इतके?" त्याच्या घरी पाणी ओढायचं काम त्याचंच होतं. विजेच्या किमतीबद्दल इतका नेमका प्रश्न मी कॉलेजात ऐकलेला नाही.

साठवणीचा हिशेबही असाच समोर मांडतो. बारा गुणिले बारा, १४४ वॅट-अवर. लेड-अॅसिड बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे ७२. दिवा, पंखा आणि चार्जर मिळून २७ वॅट. भागाकार मुलंच करतात: अडीच तासांच्या थोडं वर. मग 'रातभर चालते' असं कुणी म्हणालं की पोरं पेन्सिल काढतात.

हे नुसतं वर्गापुरतं राहत नाही. मैत्रिणीचे वडील, आम्ही त्यांना काका म्हणतो, छतावर सोलर बसवायच्या विचारात होते. फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं, बाकीच्यासाठी कर्ज. एका विक्रेत्याने त्यांना सांगितलेलं की लाइन गेली तरी घर चालू राहील. काकांनी फळीकडे बघत विचारलं, "पोरी, हे तर लाइन नसताना चालून राह्यलं. माह्या छतावरचं बी असंच चालन का?"

उत्तर आहे: बॅटरी नसेल तर नाही. ग्रिडला जोडलेलं नेहमीचं छतावरचं सोलर लाइन जाताच स्वतःहून बंद पडतं, भर उन्हात पण. बिघाड नसतो तो, मुद्दाम तसं बनवलेलं असतं. नाहीतर खांबावर दुरुस्तीला चढलेल्या लाइनमनला वाटणार तार मेलेली आहे, आणि तुमच्या छतावरून तिच्यात वीज येत असणार. अशा सोलरने बिल कमी होतं, अंधार कमी होत नाही. दोन्ही हवं तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते आणि हिशेब वेगळा होतो. काका गप्प बसले, मग म्हणाले, "मंग इचारलं ते बरं झालं." त्यानंतर आम्ही फळी छतावर नेली आणि दर तासाला अँपिअर लिहिले. विक्रेत्याने दाखवलेल्या कोपऱ्यावर तीननंतर कडुनिंबाची सावली येत होती. तळहाताचा प्रयोग काकांनी पाहिलेलाच होता, तेव्हा जास्त बोलावं लागलं नाही.

अशी फिरती शाळा मोठ्या प्रमाणावर चालवणारे एक गृहस्थ आहेत. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी नोव्हेंबर २०२० मध्ये भोपाळहून सोलर बस घेऊन निघाले, २०३० पर्यंत घरी परतायचं नाही असं ठरवून. बसवर ३.२ किलोवॅटची पॅनेलं, सहा किलोवॅट-अवरची बॅटरी, आतले दिवे, स्वयंपाक, लॅपटॉप सगळं त्यावर. म्हणजे आमच्या फळीच्या चौसष्टपट पॅनेल. त्याआधी आयआयटीच्या उपक्रमात गावातल्या लोकांनीच मुलांच्या अभ्यासाचे सोलर दिवे जोडले आणि दुरुस्तही केले. मला बसपेक्षा ती दुरुस्तीची गोष्ट जास्त भावते. आमच्या शेजारच्याच बैतूल जिल्ह्यातलं बांचा हे गाव सोलरच्या चुलींसाठी ओळखलं जातं, तिथेही आयआयटी मुंबईच होती.

आता माझं काम: पाट्या. फळीवरच्या प्रत्येक वस्तूला नाव हवं. मराठी पुस्तकात विद्युतधारा, विभवांतर, रोध, शक्ती. हिंदी पुस्तकात रोधाचा प्रतिरोध होतो, बाकीचे शब्द जवळचेच. आणि मोहगावच्या घरात यातलं काहीच नाही, तिथे करंट, व्होल्टेज आणि लाइन. 'लाइन' म्हणजे तार, वीज आणि विजेचा पुरवठा तिन्ही एकदम. सगळ्यात अडचण शक्ती आणि ऊर्जेची. बोलताना आपण दोन्हींना 'पॉवर' म्हणतो, आणि सगळी फसवणूक तिथूनच सुरू होते, कारण वॅट सांगून युनिट विकता येतात. मी पाटीवर लिहिलं, शक्ती: बादली किती भरभर वर येते. ऊर्जा: एकूण किती बादल्या आल्या. फिजिक्सवाल्यांनी नाक मुरडलं, मग व्याख्या तपासली आणि सही केली.

'लोड'ला मात्र शब्द सापडलेला नाही. 'भार' लिहिलं तर मुलं फळी उचलून वजन बघतात. सध्या त्या पाटीवर 'वीज खाणारे' असं लिहिलंय आणि खाली दिवा, पंखा, मोबाइल आणि स्टार. यापेक्षा चांगला शब्द कुणाला सुचला तर मंडळाच्या खोलीत पाट्यांचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर आहे, कोऱ्या पाट्या त्यातच आहेत. बॅटरी खालच्या कप्प्यात आहे. ती दर महिन्याला एकदा उन्हात पॅनेलला लावून पूर्ण भरायची आहे. जून-जुलैची पाळी अजून कुणी घेतलेली नाही.