पंट झेलायला उभं कुणाला करायचं?

३.९ आणि ०.७. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये पंट झेलायला कुणाला उभं करायचं, या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आधी पंट म्हणजे काय ते. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. तीन प्रयत्न फसले की चौथ्याला बहुतेक वेळा चेंडू लाथेनं उंच आणि लांब धाडून देतात, म्हणजे समोरच्या संघाला निदान लांबून सुरुवात करावी लागते. ही लाथ म्हणजे पंट. चाळीस-पंचेचाळीस यार्ड मागे तो चेंडू घ्यायला एकटा उभा असतो तो पंट रिटर्नर. झेलून पळायचं, की हात डोक्यावर हलवून ‘फेअर कॅच’ मागायचा, की चेंडू सोडून द्यायचा, हे त्यानं ठरवायचं असतं. फेअर कॅच मागितला तर त्याला कुणी हात लावायचा नाही, पण त्यालाही मग पळता येत नाही. हातात आलेला चेंडू निसटला तर तो ‘मफ’. असा निसटलेला चेंडू पंट करणाऱ्या संघानं उचलला, की तिथूनच त्यांचा नवा डाव सुरू होतो.

आता आकडे. व्हर्जिल कार्टर हा व्यावसायिक संघाचा क्वार्टरबॅक. त्यानं रॉबर्ट मॅकॉल या प्राध्यापकांबरोबर १९७१ साली एक शोधनिबंध लिहिला. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या १९६९ च्या हंगामातले २,८५२ प्रसंग घेऊन, मैदानावर अमुक ठिकाणी चेंडू हाती असणं किती गुणांचं, याचा त्यांनी तक्ता मांडला. स्वतःच्या २५ यार्डांच्या रेषेवर चेंडू असेल तर त्याची किंमत ०.२३६ गुण. स्वतःच्या ३५ वर ०.९२३. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपासून २५ यार्डांवर असेल तर ३.६८१. तक्ता व्यावसायिक खेळाचा आहे आणि जुना आहे. कॉलेजचे नेमके आकडे वेगळे निघतील, पण आपल्याला हवं आहे ते आकड्यांमधलं प्रमाण.

रिटर्नरनं २५ वर चेंडू झेलला आणि दहा यार्ड पळवला, तर संघाला मिळाले ०.६८७ गुण. हा आपला ०.७. तिथेच त्याच्या हातून चेंडू निसटून समोरच्यांना मिळाला, तर आपले ०.२३६ गेले आणि त्यांना ३.६८१ मिळाले. एकूण फरक ३.९१७. म्हणजे दहा-दहा यार्डांच्या जवळपास सहा चांगल्या धावा एका मफनं धुऊन जातात.

कोचसमोरची खरी निवड मात्र धावणारा आणि न धावणारा अशी क्वचितच असते. समजा एक पोरगा सरासरी दहा यार्ड पळवतो आणि दुसरा सहा. चार यार्डांचा फरक म्हणजे दर धावेमागे सुमारे ०.२७५ गुण. ३.९१७ ला त्यानं भागलं की येतात चौदा. पहिल्यानं चौदा धावांमागे दुसऱ्यापेक्षा एक चेंडू जास्त गमावला, तर त्याच्या वेगाचा सगळा फायदा गेला. एका हंगामात वीस-तीस धावा म्हणजे भरपूर. त्यात दोन चेंडूंनी सगळा हिशोब उलटतो, आणि हे दोन चेंडू पावसाच्या एकाच संध्याकाळी निसटू शकतात.

मला याहून महत्त्वाचा वाटणारा आकडा कुठल्याच गुणपत्रकात छापला जात नाही. तो म्हणजे जमिनीवर पडू दिलेल्या चेंडूंचा. चेंडू २५ वर पडला आणि टप्पे खात मागे १५ पर्यंत घरंगळला, असं धरा. तक्त्यात स्वतःच्या १५ वरची किंमत उणे ०.६३७ आहे, म्हणजे चेंडू आपला असूनही पुढचे गुण समोरच्याला मिळण्याची शक्यता जास्त. घरंगळण्यानं ०.८७३ गुण गेले. ०.६८७ शेजारी हा आकडा ठेवला की दिसतं, दहा यार्ड पळण्यापेक्षा तो चेंडू नुसता झेलून जागेवर थांबण्याची किंमत जास्त आहे. फेअर कॅच मागून चेंडू छातीशी घेणाऱ्या पोराच्या नावापुढे धावांची नोंद होत नाही, सरासरी वाढत नाही, टाळ्याही फारशा पडत नाहीत. असे आठ चेंडू त्यानं हंगामात वाचवले तर सातेक गुण होतात, म्हणजे एक टचडाउन (चेंडू घेऊन समोरच्याची गोलरेषा ओलांडणं) आणि त्यानंतरच्या जादा लाथेचा गुण.

म्हणून माझं ठाम मत आहे की ऑगस्टच्या सरावात कोचनं वहीत पहिला रकाना ‘हवेत झेललेले’ असा आखावा. पळण्याची वेळ त्यानंतर.

झेलणं किती अवघड आहे ते जवळून बघायला हवं. चांगला पंट चार-सव्वाचार सेकंद हवेत राहतो आणि सात-आठ मजली इमारतीइतका वर जातो. खाली येताना त्याचा वेग ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास असतो. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता. टोक खाली वळलं तर तो लांब जातो, टोक वरच राहिलं तर अपेक्षेपेक्षा आखूड पडतो. डाव्या पायानं मारलेला चेंडू उलटा फिरतो, म्हणून शेवटच्या क्षणी भलत्याच बाजूला सरकतो. कपिलदेवनं १९८३ च्या अंतिम सामन्यात मागे पळत जाऊन व्हिव्ह रिचर्ड्सचा झेल घेतला, तो आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. तसाच झेल, फक्त दहा धिप्पाड माणसं अंगावर धावून येत असताना.

सरावात यासाठी एक पद्धत आहे. यंत्रातून चेंडू उंच उडवायचे. पहिला झेलून काखेत धरायचा आणि तो न टाकता दुसरा झेलायचा, मग तिसरा. चौथ्या-पाचव्याला हात अडकलेले असतात, तेव्हा कोपरं आत घेऊन, पायांनी बरोबर चेंडूखाली पोचून, पोटाशी घ्यावा लागतो. पाय आळशी असतील तर चेंडू तिथे लगेच उघडं पाडतो.

कॉलेजचे नियमही रिटर्नरला साथ देत नाहीत. एनएफएलमध्ये लाथ बसेपर्यंत फक्त टोकाचे दोघे पुढे धावू शकतात. कॉलेजमध्ये चेंडू मागे फेकला गेला की सगळेच सुटू शकतात. चेंडू पंटरच्या हाती पडून लाथ बसेपर्यंत दोनेक सेकंद आणि हवेतले चार-सव्वाचार, म्हणजे धावणाऱ्यांना सहाच्या वर सेकंद मिळतात. चाळीस यार्ड साडेचार सेकंदांत पळणाऱ्या पोरांना पंचेचाळीस यार्डांसाठी तेवढे पुरून उरतात. पूर्वी रिटर्नरभोवती दोन यार्डांचं मोकळं रिंगण सोडण्याचा नियम होता. २००३ च्या हंगामापासून तोही गेला. त्यात ऑस्ट्रेलियातून आलेले पंटर बाजूला धावत, जमिनीलगत, वेडेवाकडे चेंडू मारू लागले. मेलबर्नचा टोरी टेलर आयोवाकडून २०२३ च्या हंगामात ९३ वेळा पंट करून ४,४७९ यार्डांचा विक्रम करून गेला, सरासरी ४८.२. असा पंटर समोर असला की पळणाऱ्यापेक्षा चेंडू ओळखणारा पोरगा हवा.

आकडे मात्र दुसऱ्या बाजूनंही बोलतात, आणि ते ऐकायलाच हवं. अलाबामाच्या जेलन वॉडलनं २०१९ मध्ये वीस पंट परत आणले, सरासरी २४.४ यार्ड. दहा यार्डवाल्याच्या तुलनेत दर धावेला साडेचौदा यार्डांच्या आसपास जास्त, म्हणजे जवळपास एक पूर्ण गुण, हंगामात वीस. अशा पोराचे पाच मफसुद्धा पोटात घालता येतात. वॉशिंग्टनच्या दान्ते पेटिसनं कारकिर्दीत पंटवर नऊ टचडाउन केले, हा कॉलेजचा विक्रम आहे. त्यातले चार २०१७ मधले, तेव्हाची सरासरी २०.४. त्याचे वडील गॅरी पेटिस बेसबॉलमधले सेंटर फील्डर, क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पाच वेळा मिळवलेले. उंच चेंडूखाली जाऊन उभं राहणं हा त्यांचा रोजचा व्यवसाय होता. वारशानं काय मिळतं आणि अंगणात काय शिकवलं जातं, हे वेगळं काढता येत नाही, पण पेटिसच्या धावा पाहताना मला त्याच्या वेगाआधी ही गोष्ट आठवते.

ताऱ्यालाच लाथेचा चेंडू परत आणायला उभं करण्यात धोका असतोच. २०२० मध्ये टेनेसीविरुद्ध सामना सुरू करणाऱ्या लाथेवर, म्हणजे किकऑफवर, चेंडू परत आणताना वॉडलचा घोटा मोडला. पंटची जबाबदारी डेव्हॉन्टा स्मिथकडे गेली. त्यानं डिसेंबरमध्ये आर्कान्सासविरुद्ध ८४ यार्डांची धाव काढून टचडाउन केला आणि पुढे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइझमन करंडकही जिंकला. स्मिथसारखा दुसरा बाकावर असेल तर जोखीम परवडते. बहुतेक कॉलेजांकडे तो नसतो.

कुठला चेंडू सोडायचा, यासाठीही रेषा आखलेल्या असतात. टाचा दहाच्या रेषेवर ठेव आणि डोक्यावरून जाईल तो जाऊ दे, हे बहुतेक रिटर्नरांना शिकवतात. चेंडू गोलरेषेपलीकडे गेला तर २० वरून सुरुवात मिळते. लुइझियाना स्टेटमध्ये पूर्वी ही रेषा १५ वर होती. ३१ ऑक्टोबर १९५९ च्या रात्री बॅटन रूजला ओले मिसविरुद्ध ०–३ नं मागे असताना बिली कॅननसमोर चेंडूनं टप्पा खाल्ला आणि त्यानं तो ११ वर उचलला. कोचचा नियम मोडून तो ८९ यार्ड पळाला आणि सामना ७–३ नं जिंकला. त्या वर्षीचा हाइझमन त्यालाच मिळाला. ही धाव लुइझियानात आजही सांगतात. निवड करताना मात्र ती बाजूला ठेवावी, कारण ११ वर टप्पा खाणारा चेंडू उचलताना ज्यांच्या हातून निसटला, त्यांची नावं कुणी सांगत बसत नाही.

हातांचा शहाणपणा याहून बारीक असतो. २१ ऑक्टोबर २०२३ ला मिनेसोटाविरुद्ध आयोवा दोन गुणांनी मागे होतं, सामना संपत आला होता. टप्पे खाणाऱ्या चेंडूकडे धावताना कूपर डेजीननं उजव्या हातानं चेंडू दाखवला आणि डावा हात खालच्या खाली हलवला. चेंडू उचलून तो ५४ यार्ड पळाला, टचडाउन झाला, स्टेडियम उसळलं. पंचांनी चित्रफीत पाहिली ती तो सीमारेषेबाहेर गेला का हे बघायला, आणि त्यात सापडला तो हात. नियमाप्रमाणे असा कुठलाही हलता हात म्हणजे सदोष फेअर कॅचचा इशारा, चेंडू उचलला तिथेच मृत. सामना १२–१० नं मिनेसोटाचा झाला. डेजीन त्या वर्षी आयोवाच्या बिग टेन गटातला सर्वोत्तम रिटर्नर ठरला. हा आकडा नसलेला गुण आहे, तरी निवडताना तो पाहावाच लागतो: धावताना, घाबरताना, सहकाऱ्यांना ‘दूर व्हा’ सांगताना पोराचे हात काय करतात.

भरवशाचे हातही चुकतात. १ जानेवारी २०२४ च्या रोझ बोलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय उपांत्य सामन्यात, अलाबामाविरुद्ध मिशिगननं पंट झेलायला आधी नवख्याला उभं केलं होतं. पहिल्या सत्रात त्याच्या हातून पंट निसटला, अलाबामानं तो मिशिगनच्या ४४ वर मिळवला आणि थोड्याच वेळात टचडाउन केला. मग भरवशाचा म्हणून दुसरा आला. २०–२० अशी बरोबरी, ४४ सेकंद उरलेले, आणि चेंडू दहाच्या रेषेच्या कितीतरी मागे, गोलरेषेजवळ पडत होता. त्यानं तो झेलायला हात पुढे केले. चेंडू निसटला आणि मागे उसळला. अलाबामाचे खेळाडू एक-दोन पावलांवर होते, आणि गोलरेषेआत त्यांच्या हाती पडला असता तर टचडाउनच. त्यानं झडप घातली आणि एक यार्डाच्या रेषेवर तो अंगाखाली घेतला. मिशिगननं जादा वेळेत २७–२० असा विजय मिळवला आणि आठवड्याभरात राष्ट्रीय विजेतेपदही.